वल्द, सेन आणि नवमीचं पान

मंडळी, या वेळी आपल्या सदरात एक डॅनिश शेतमजूर येतो आहे. त्याचा आणि तुकईथडचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध आहे, आणि तो सोयरिकीचा आहे.

माझी पुतणी अमेरिकेत नेब्रास्कात असते. जावई तिथलाच. त्याचे खापरपणजोबा १८८०च्या दशकात डेन्मार्कहून आले, एवढंच त्याच्या घरात माहीत होतं. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, शाळेनं घराच्या दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष करायला सांगितला. जावयानं रोज रात्री थोडं थोडं बसून डेन्मार्कची बाजू सात पिढ्या मागं नेली. आमची बाजू तीन नावांवर अडली. पुतणी फोनवर म्हणाली, "काका, ती विचारते आहे की आपल्याकडे लोक नावं लिहीतच नव्हते का? काय सांगू तिला?"

मूल दहा वर्षांचं आहे. आपण उत्तर दिलं नाही तर ते स्वतःच एक उत्तर ठरवून मोकळं होईल: बाबांच्या घराला इतिहास आहे, आईच्या घराला नाही. हे मला चालण्यासारखं नव्हतं. म्हणून दोन्ही बाजूंचा शोध कसा लागतो, हे मी आधी नीट समजून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

आधी डेन्मार्क पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत या छोट्या देशातून सुमारे ३ लाख माणसं बाहेर पडली, बहुतेक अमेरिकेला गेली. १८८०च्या सुमारास देशाची लोकसंख्याच होती वीस लाखांच्या आसपास. जाणारे बरेचसे शेतमजूर, घरगडी, मोलकरणी आणि धाकटे मुलगे. जमीन थोडी, तोंडं फार. हे कारण आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

गंमत पुढे आहे. परदेशी जाणाऱ्यांना दलाल फसवत, म्हणून डेन्मार्कनं १८६८ साली कायदा केला आणि १८६९पासून कोपनहेगनच्या पोलिसांनी जाणाऱ्या प्रवाशांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. नाव, वय, धंदा, शेवटचा मुक्काम आणि कुठे जाणार. ही वही १९४०पर्यंत चालली. जावयाला खापरपणजोबांच्या कबरीवर फक्त 'डेन्मार्क' एवढंच सापडलं होतं. या वहीत मात्र गाव सापडलं. आणि शोधात सगळ्यांत महत्त्वाचं असतं ते गाव. 'डेन्मार्कचे' म्हणून काही हाती लागत नाही, जसं 'वऱ्हाडातले' म्हणून लागत नाही. आयोवातल्या एल्क हॉर्न या गावी डॅनिश अमेरिकन लोकांचं संग्रहालय आहे, तिथे वंशावळ शोधायला मदत करणारा विभाग आहे. तिथेही पहिला प्रश्न तोच असतो: चर्चचं गाव कोणतं?

गाव सापडलं की पुढचं दार उघडतं. डेन्मार्कमध्ये प्रत्येक चर्चनं जन्म, लग्न आणि मृत्यूची वही ठेवावी, असा राजाचा हुकूम १६४५-४६चा आहे. म्हणजे शिवरायांच्या तोरण्याच्या काळातला. १८१४पासून या वह्यांना छापील रकाने आले, आणि एक नियम आला जो मला फार आवडला. वहीच्या दोन प्रती करायच्या. एक पाद्रीकडे, दुसरी चर्चच्या सेवकाकडे. आणि या दोन प्रती एका रात्रीसाठीही एकाच छपराखाली ठेवायच्या नाहीत. आग लागली तर एक तरी वाचली पाहिजे.

शिवाय जनगणना आहे. १७८७ आणि १८०१ची जनगणना नावानिशी आहे, आणि १८४५पासून त्यात जन्मगावही लिहिलेलं आहे. सैन्यात घेण्यासाठी मुलग्यांची वेगळी यादी आहे. देवी टोचल्याची तारीखसुद्धा आहे, कारण १८१०पासून लस घेतल्याशिवाय किंवा देवी येऊन गेल्याशिवाय चर्चमधला दीक्षाविधी आणि लग्न होत नसे, आणि पाद्री ती तारीख वहीत लिहून ठेवी. जावयाच्या खापरपणजोबांची आई दुसऱ्याच्या शेतावर मोलकरीण होती. तिला देवी कधी टोचल्या, हे आज तिच्या खापरपणतूच्या मुलाला घरबसल्या दिसतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं या वह्यांची चित्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत.

अडचण एकच असते, लिपीची. जुन्या वह्या गोथिक वळणात लिहिलेल्या आहेत, आणि ते वळण डेन्मार्कच्या शाळांतून १८७५ला गेलं. आजच्या डॅनिश मुलाला पणजोबांचं अक्षर लागत नाही. आपल्याला मोडी लागत नाही, तसंच.

आता नावांकडे येऊ, कारण इथे मला आपलं घर दिसलं. पूर्वी डॅनिश खेड्यात आडनाव नव्हतं. हान्सचा मुलगा येन्स असेल तर तो येन्स हान्सेन. येन्सचा मुलगा पीटर असेल तर तो पीटर येन्सेन. 'सेन' म्हणजे मुलगा. मुलगी असेल तर 'डाटर'. हान्सची मुलगी लग्न होऊन कुठेही गेली तरी तिची ओळख हान्सची मुलगी अशीच राहायची, तिचं नाव बदलत नसे. १८२८ साली सरकारनं ठरवलं की दर पिढीला नाव बदलणं पुरे, आता एकच आडनाव घराण्यानं धरून ठेवावं. खेड्यांनी ते लगेच मानलं नाही, पुढे बरीच वर्षं दोन्ही पद्धती सुरू राहिल्या. पण हळूहळू 'हान्सेन' गोठलं आणि हान्स नावाचा बाप नसलेल्या घरातही ते आडनाव झालं.

याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लार्सन अँड टुब्रो. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातलं कुणीतरी तिथे नोकरीला असेल, पण ही दोन माणसं डॅनिश होती हे किती जणांना ठाऊक आहे? हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन क्रिश्चन टुब्रो हे दोघे अभियंते. एका डॅनिश कंपनीतर्फे सिमेंटच्या कारखान्यांच्या कामासाठी ते भारतात आले आणि १९३८ साली मुंबईत दोघांनी भागीदारी सुरू केली. होल्क-लार्सन यांना १९७६ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २००२ला पद्मभूषण, आणि २००३ला मुंबईतच त्यांचं निधन झालं. लार्सन म्हणजे मुळात लार्सचा मुलगा. पण तो लार्स कुठल्या पिढीतला, हे आडनाव सांगत नाही. गोठलेलं नाव ओळख देतं, बाप देत नाही.

त्यांच्याही आधीचे डॅनिश लोक भारतात होते. तामिळनाडूत तरंगंबाडीला त्यांची वखार १६२०पासून, बंगालमध्ये श्रीरामपूरला १७५५पासून. दोन्ही ठाणी त्यांनी १८४५ साली ईस्ट इंडिया कंपनीला साडेबारा लाख रुपयांना विकली. त्या कारभाराचे बरेचसे कागद आजही कोपनहेगनला आहेत. राज्य गेलं, वह्या राहिल्या.

आता आपल्या नावाकडे पाहा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधलं नाव म्हणजे आपलं 'सेन'च की. डॅनिश माणसानं आडनावासाठी बापाचं नाव गोठवलं. आपण आडनाव वेगळं ठेवून बापाचं नाव दर पिढीला नव्यानं लिहीत राहिलो. वंशावळ शोधणाऱ्याला याहून सोयीची पद्धत दुसरी नाही, कारण प्रत्येक नाव मागच्या पिढीचा पत्ता सांगतं. आणि नेमकं हेच मधलं नाव परदेशात गेलेली आपली मुलं फॉर्म भरताना सोडून देतात. माझ्या नातीच्या दाखल्यावरही ते नाही.

तुकईथड हे तसं आडवाटेचं गाव. खंडवा-अकोला मीटरगेजवरचं स्टेशन म्हणून जुन्या लोकांना माहीत. गावाच्या नावात तुकाई आहे आणि थडही आहे. गंगाथडी म्हणणाऱ्याला थडी म्हणजे काठ हे सांगावं लागत नाही. आजूबाजूला कोरकूंची गावं, पलीकडे मेळघाट. बाजारात मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी एकाच पिशवीतून येतात. अशा गावात वऱ्हाडातून येऊन राहिलेल्या घराण्यानं आपला माग कसा काढायचा?

पहिलं समजून घ्यायला हवं ते सरहद्दीचं. बुऱ्हाणपूरचा मुलूख १८६०च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेला आणि निमाड जिल्हा मध्य प्रांतात आला. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं, कारभार इंग्रजांचा. १९०३पासून दोन्हीकडचा कारभार नागपूरहून चालू लागला. १९५६ला वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि निमाड मध्य प्रदेशात राहिलं. २००३ला खंडव्यातून बुऱ्हाणपूर जिल्हा वेगळा झाला. आमचे पूर्वज जागचे हलले नाहीत, पण त्यांचे कागद चार सरकारांच्या कपाटांत विभागले गेले. त्यामुळे बुऱ्हाणपूरला कागद नाही म्हणाले तर तो खंडव्याला विचारायचा, आणि खंडव्यालाही नसेल तर बुलढाण्याला किंवा अमरावतीला. डेन्मार्कमध्येही दक्षिण जटलंडच्या लोकांना हेच करावं लागतं. १८६४चं युद्ध हरल्यावर तो भाग प्रशियाकडे गेला, १९२०ला त्याचा उत्तरेकडचा तुकडा परत आला. मधल्या काळातल्या बऱ्याच नोंदी जर्मन भाषेत आहेत.

दुसरं समजून घ्यायला हवं ते कागदाच्या भाषेचं. निमाडच्या जुन्या जमिनीच्या कागदांत माणूस असा लिहिलेला असतो: अमुक वल्द तमुक, कौम कुणबी, साकिन देह. वल्द म्हणजे मुलगा. कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणारा, देह म्हणजे याच गावचा. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. तरुण मुलं आडनाव शोधत राहतात आणि आपलं नाव नाही म्हणून परत येतात. आडनाव शोधायचं नाही, वल्द शोधायचा. पटवारी आपल्या भाषेत 'सेन'च लिहीत होता.

तर, नक्कल मिळाली. त्यात माझ्या आजोबांचं नाव होतं. पुढे 'नाबालिग', मग वल्द म्हणून पणजोबांचं नाव. आणि त्यापुढे 'वली मुसम्मात', एका बाईचं नाव, आणि 'बेवा' लिहून पुन्हा पणजोबांचं नाव. म्हणजे आजोबा अजाण होते, पणजोबा वारले होते आणि त्यांची विधवा पोराची पालक होती. आमच्या घरातल्या बाईचं कागदावर आलेलं हे पहिलं नाव. नवरा गेला आणि जमिनीचं काय हा प्रश्न आला, म्हणून आलेलं. तो जिवंत असता तर तेही आलं नसतं.

ही नक्कल घेऊन मी आत्याकडे गेलो. आत्याचं वय आता ८८. ऐकू कमी येतं, पण मागचं लख्ख आठवतं. मी नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हो, आजीचंच नाव हाये ते. पन ते बाबाची माय नोहे."

कागद वली म्हणत होता, माय म्हणत नव्हता. तो शब्द मी वाचला होता, पण त्यात काय आहे ते आत्यानं उघडून दाखवलं.

"माहा आजा छपन्याच्या साली आला. जामोदाकून. डोक्यावर गाठोडं, कडेवर बाबा. बायको रस्त्यातच पटकीनं गेली."

छपन्याचं साल म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. त्या दुष्काळानं गुजरातपासून वऱ्हाडापर्यंत गावं उठवली. आमचे पणजोबा उठले ते जळगाव जामोदच्या बाजूनं, डोंगराच्या कडेनं निमाडात आले. तारीख नाही, वही नाही, पण साल पक्कं आहे. जुनी माणसं तारखा सांगत नाहीत, पण छपन्या, प्लेग, १९१८ची मानमोडी आणि गांधीजी गेले तो दिवस त्यांना नीट आठवतो. पणजोबा प्लेगात गेले, हेही आत्यानंच सांगितलं. घटना विचारल्या की साल आपण काढू शकतो.

मी विचारलं, "आणि रस्त्यात गेली तिचं नाव काय?"

"थोरली."

"ते नाव नाही आत्या. खरं नाव?"

"नाव कोनी घेतलंच नाई घरात. बाबा म्हनत, जिनं वाढवलं तिच्यासमोर दुसरं नाव कसं घ्यावं."

पण मग तिनं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आजीच्या गळ्यात चांदीची एक लहानशी पुतळी असायची. दुसरेपणावर आलेली बायको पहिलीच्या नावानं अशी पुतळी गळ्यात घालत असे. लहानपणी आत्यानं विचारलं होतं, ही कोण? आजी म्हणाली, ही थोरली. दुसरी गोष्ट पितृपक्षातली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला करतात. आमच्या घरी दर नवमीला एक पान वेगळं वाढलं जायचं, आणि ते वाढायची आजी. जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं, तिच्यासाठी. आजी गेल्यावर पान बंद झालं. पुतळी पुढे मोडीत गेली, तिच्या चांदीचं कुणा पोराचं वाळं झालं.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. आपल्याकडे लोक आठवण ठेवत होते. पानावर ठेवत होते, गळ्यात ठेवत होते, शब्दात ठेवत होते. डेन्मार्कमधली मोलकरीण तिच्या बापाच्या नावासह, देवीच्या तारखेसह वहीत आहे, कारण तिथे वही ठेवणं पाद्रीचं काम होतं आणि वर राजाचा हुकूम होता. तितकीच गरीब असलेली आमची खापरपणजी, म्हणजे माझी पणजी आणि पुतणीची खापरपणजी, एका सवतीनं सांभाळली, कुणाचाही हुकूम नसताना. दोन्ही नोंदीच आहेत. फरक एवढाच की पहिलीची दुसरी प्रत होती, आणि दुसरीची नव्हती. वाळं झालं, पान थांबलं आणि उरली फक्त आत्या. आत्यानंतर ती बाई पूर्ण पुसली गेली असती.

मी पुतणीला सांगितलं, झाडावर तिची जागा मोकळी ठेवू नका. पणजोबांच्या शेजारी एक वर्तुळ काढा आणि त्यात देवनागरीत लिहा: थोरली. तिच्या शेजारी आजीचं वर्तुळ काढा, आणि त्याखाली लिहा: हिनं वाढवलं. जावयानं विचारलं, हे खरं नाव आहे का? मी म्हटलं, तिला घरात ज्या नावानं हाक मारली गेली असेल ते आता कुणाला कळणार नाही, पण ज्या नावानं तिची आठवण ठेवली गेली ते हेच.

आता तुम्ही काय करायचं? सांगतो.

घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून सुरुवात करा. पुरुषांना जमिनीचा आणि भाऊबंदकीचा इतिहास माहीत असतो, पण कोण कुणाची कोण आणि कुणाचं माहेर कुठलं हे बायकांनाच ठाऊक असतं. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण गप्पा मारायला म्हणून बसा, जबाब घ्यायला नको. प्रत्येक बाईची दोन नावं विचारा, माहेरचं आणि सासरचं. डॅनिश बाईला मरेपर्यंत बापाचं नाव राहिलं म्हणून तिचं माहेर सापडतं. आपल्याकडे लग्नात नाव बदललं की वाट तुटते. ती वाट आजच लिहून काढली तर पुढच्यांना सापडेल.

मग घर पाहा. माळ्यावरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर कोरलेली नावं वाचा, कुणाकडून, कुणाला, कोणत्या लग्नात. देवघरातले टाक पाहा. कुलदैवत कोणतं आणि नवस फेडायला कुठे जात, हे विचारा. घराणं उठून कुठेही गेलं तरी देवीला माघारी जातं, त्यामुळे मूळ गावाचा अंदाज तिथून येतो.

मग कागद. मध्य प्रदेशात शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर, पटवाऱ्याचा खसरा, जुनं मिसल बंदोबस्त. महाराष्ट्रात शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, वऱ्हाडात कोतवाल बुक. २०२३ला महाराष्ट्र सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली, तेव्हा हीच दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक गावोगाव फिरू लागले. मोडी शिकायला आज वर्ग आहेत. एका घरात एकाला वाचता आली तरी पुरे.

तीर्थक्षेत्रही विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाव आणि घराण्यानुसार नावं असतात. आमच्या घरातलं कुणी तिथे गेल्याचं आत्याला आठवत नाही, त्यामुळे आम्हाला ती वाट नव्हती. तुम्हाला असेल. यातही एक योगायोग आहे. अमेरिकेतल्या युटामध्ये मॉर्मन पंथाची वंशावळ संस्था आहे. युटात डॅनिश लोक मोठ्या संख्येनं जाऊन राहिले होते. त्या संस्थेनं डेन्मार्कच्या चर्चवह्यांची सूक्ष्मचित्रं काढली, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या पंड्यांच्या वह्यांचीही काढली. जावयाचे आणि आपले कागद एकाच तळघरात शेजारी असू शकतात.

एक सावधगिरीही सांगतो. इंटरनेटवरच्या खुल्या झाडावर जिवंत माणसांची नावं, जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव टाकू नका. बँकेचे प्रश्न त्यावरच असतात. याच कारणासाठी या लेखात मी घरच्या कुणाचं नाव दिलेलं नाही. सगळी नावं घरच्या वहीत आहेत.

आणि त्या वहीबद्दल शेवटचं. साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पानावर एक माणूस. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आईचं माहेर, गाव, आणि त्या माणसाबद्दल कुणी काय सांगितलं ते सांगणाऱ्याच्या नावासकट. खात्री नसेल तर 'आत्या म्हणते' असं लिहा, तीही नोंदच आहे. फोनमध्ये ठेवलं तर फोन बदलतो, वही राहते.

वही भरली की तिची दुसरी प्रत करा. एक तुमच्याकडे ठेवा, दुसरी दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे द्या. दोन्ही प्रती एका रात्रीसाठीही एकाच छपराखाली ठेवू नका.

सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर येत्या रविवारी एवढंच करा. आजीच्या आईचं नाव काय होतं, ते विचारा आणि लिहून ठेवा.